फॉल लावून देऊ का?

लक्ष्मी रोडवर साडी घ्यायला गेलं की अर्धा दिवस मोडतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आई आणि मी गेलो होतो. गादीवर साड्यांचा ढीग झाला, चहा झाला आणि शेवटी मोरपंखी रंगाची एक साडी आईच्या मनात भरली. साड्या दाखवणारे काका साठीच्या पुढचे असतील. घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "फॉल-पिको करून देऊ का? परवा संध्याकाळपर्यंत होईल." आई म्हणाली, "हो, द्या करून." मग तिने मॅचिंग ब्लाऊजपीस मागितला, तर काकांनी साडीचं टोक उलगडून दाखवलं. "ब्लाऊजपीस आतच आहे. वेगळा कशाला घेताय?" "परकर?" "या रंगाचा आहे घरी." "मग झालं." एवढं बोलून त्यांनी चिठ्ठी काउंटरकडे पाठवली.

सगळं मिळून अर्धं मिनिट. फॉल-पिकोचे दुकानाला चार पैसे जास्तीचे मिळाले, ब्लाऊजपीसची विक्री काकांनी आपणहून सोडली आणि परकराला 'नाही' ऐकताच विषय मिटवला. आई तीसेक वर्षं त्याच दुकानात जाते.

त्याच रात्री मी मोबाइलवर एक छोटा कोर्स विकत घेतला. घरातले जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त कसे करायचे, हे त्यात शिकवलं होतं. किंमत २९९ रुपये. पैसे भरायच्या पानावर उलटं धावणारं घड्याळ होतं: ही किंमत फक्त नऊ मिनिटं. पैसे भरल्यावर दुसरं पान उघडलं, २,४९९ रुपयांचं 'मास्टर पॅकेज'. ते नको म्हटल्यावर तिसरं पान, तेच पॅकेज निम्म्या किमतीत. नकाराच्या बटणावर लिहिलं होतं, "नको, मला आहे तिथेच राहायचं आहे." सगळं नाकारून बाहेर पडले तेव्हा पावतीवर आकडा होता ३९८. आधीपासून खूण केलेल्या एका चौकोनातून ९९ रुपयांची 'प्राधान्य मदत' बिलात शिरली होती. ते ९९ रुपये परत मिळवायला चार ई-मेल लिहावे लागले. कोर्स खरंच चांगला होता. तरीही त्या शिक्षकाकडून मी पुन्हा काही घेतलेलं नाही.

गिऱ्हाईक पैसे काढून उभं असताना त्याला आणखी काही विचारणं, ही गोष्ट दोन्हीकडे घडली. ऑनलाइन धंद्यात घेतलेल्या वस्तूचीच मोठी आवृत्ती सुचवली तर तिला अपसेल म्हणतात, जोडीची वस्तू सुचवली तर क्रॉस-सेल, आणि पैसे भरायच्या पानावरच एक चौकोन ठेवून 'हेही हवं का?' विचारलं तर ऑर्डर बंप. बोलताना सगळ्यालाच अपसेल म्हटलं जातं. आज आपल्याकडे हजारो माणसं घरी बसून अशा वस्तू विकतात. पाककृतींचं ई-पुस्तक, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, तबल्याचे धडे, एक्सेलचे साचे, रांगोळीची डिझाइन्स. त्यांतल्या बहुतेकांना कुणीतरी सांगितलेलं असतं की खरा पैसा अपसेलमध्ये आहे. ते खोटं नाही. पण विचारायचं कसं, हे शिकवणारे साडीच्या दुकानातले काका त्यांना भेटलेले नसतात.

मापाच्या वहीची मागची पानं

माझी मावसबहीण सांगलीला असते. अठरा वर्षं शिवणक्लास चालवते. २०२०च्या टाळेबंदीत क्लास बंद पडला तेव्हा तिने व्हॉट्सॲपवर ब्लाऊजचं कटिंग शिकवायला सुरुवात केली. पुढे नीट व्हिडिओ केले आणि आता ती प्रिन्सेस कट ब्लाऊजचा कोर्स ऑनलाइन विकते. ४९९ रुपयांत अकरा व्हिडिओ आणि छातीच्या ३० ते ४२ मापांचे पीडीएफ पेपर पॅटर्न. या लेखासाठी मी चार दिवस तिच्याकडे राहिले. सकाळी तिचं मशीन चालायचं आणि दुपारी आम्ही दोघी तिचा फोन आणि वह्या घेऊन बसायचो.

सुरुवातीला तिनेही विक्री शिकवणारा एक कोर्स केला होता आणि त्यात दाखवलेली पानांची साखळी जशीच्या तशी उचलली होती. ब्लाऊजचे पैसे भरले की कुर्ती, लहेंगा, बाळंतविडा सगळं मिळून २,९९९ रुपयांचं पॅकेज. त्यावर घड्याळ. ते नाकारलं की दुसरं, मग तिसरं. पहिल्या महिन्यात पैसे वाढले. दुसऱ्या महिन्यापासून फोन वाढले. "मॅडम, पैसे कापले गेले, पण कोर्स कुठंय?" पैसे भरल्यावर आलेल्या पानावर आणखी पैशांचा आकडा बघून बायका घाबरून पान बंद करायच्या. घेतलेल्या कोर्सची लिंक त्या पानांच्या पलीकडे होती, तिथपर्यंत त्या पोचायच्याच नाहीत.

"काय सांगू ताई," ती म्हणाली, "ज्या बायकांना मी इतकी वर्षं 'घाबरू नको, कात्री सरळ ने' म्हणून धीर दिला, त्यांनाच मी घड्याळ लावून घाबरवत होते."

एके दिवशी तिने ती सगळी पानं काढून टाकली. पुढचे दोन महिने काहीच जास्तीचं विकलं नाही. फक्त आलेला प्रत्येक फोन मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवला: कोण, कुठून, काय विचारलं. आम्ही बसून त्या नोंदींचे तीन गठ्ठे केले.

पहिल्या गठ्ठ्यात एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत होती. माप लहान येतंय. ब्लाऊज अंगात जात नाही. कारण शोधायला तिला आठवडा लागला. बायका झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफची प्रिंट काढत होत्या आणि दुकानदाराच्या प्रिंटरवर 'फिट टू पेज' लावलेलं असायचं. कागदाच्या कडा सांभाळण्यासाठी प्रिंटर चित्र थोडं आक्रसतो. शंभराच्या जागी ९४ टक्के छापलं गेलं तर ३६ छातीचा पॅटर्न ३४ इंचांच्याही आत येतो. दोन इंच गेले की ब्लाऊज गेला.

दुसऱ्या गठ्ठ्यात ब्लाऊज शिवून झालेल्या बायका होत्या. मुंढ्यात झोळ येतोय. खांदा उतरतोय. बाही वर ओढली जाते. पॅटर्न ठरावीक मापाचा असतो, अंग प्रत्येकीचं वेगळं.

तिसऱ्या गठ्ठ्यातल्यांचा ब्लाऊज जमला होता आणि त्यांना पुढचं हवं होतं. हाच अस्तर लावून कसा शिवायचा? शेजारणीचा शिवून दिला तर शिलाई किती घ्यायची?

या तीन गठ्ठ्यांत अपसेलचं जवळजवळ सगळं शास्त्र आहे. पहिला गठ्ठा मूळ वस्तूतली खोट आहे. ती फुकट दुरुस्त करायची, तिच्यावर पैसे मागायचे नाहीत. दुसरा गठ्ठा म्हणजे फॉल-पिको: घेतलेली वस्तू अंगावर नीट बसण्यासाठी लागणारी मदत. ती खरेदीच्या वेळीच विचारावी. तिसरा गठ्ठा म्हणजे पुढची साडी. पहिली नेसून झाल्याशिवाय तिचा विषय काढू नये. माझ्या फोटोंच्या कोर्समध्ये आणि बहिणीच्या जुन्या साखळीत तिन्ही गठ्ठे एकाच मिनिटात गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकले होते.

फुकट प्रत, महागडी संध्याकाळ

वरचं विकण्याची कला इंटरनेटने शोधलेली नाही. १९६०च्या दशकात शिकागोच्या बालाबान चित्रपटगृहांत डेव्हिड वॉलरस्टीन नावाचे व्यवस्थापक पॉपकॉर्नचा खप वाढवायच्या खटपटीत होते. एकावर एक फुकट, दुपारच्या खेळाला सवलत, सगळं करून पाहिलं, खप हलेना. मग त्यांच्या लक्षात आलं की लोकांना आणखी पॉपकॉर्न हवे असतात, पण दुसरं पाकीट घ्यायला लाज वाटते, आपण हावरट दिसू असं वाटतं. त्यांनी एकच मोठं पाकीट काढलं आणि विक्री वाढली. पुढे हेच गृहस्थ मॅकडॉनल्ड्सच्या संचालक मंडळावर गेले आणि मोठ्या फ्राइजचा आग्रह त्यांनीच धरला. वॉलरस्टीन यांचं निरीक्षण अस्सल होतं: गिऱ्हाइकाच्या मनातली अडचण ओळखा. त्याच रस्त्याने पुढे 'सुपरसाइझ' आलं, आणि ते मॅकडॉनल्ड्सने २००४मध्ये मागे घ्यायला घेतलं, हेही लक्षात ठेवायला हवं. जास्तीचं विकलं गेलं म्हणजे ते घेणाऱ्याच्या भल्याचं होतंच असं नाही.

संच करून विकण्याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनीही मांडून ठेवला आहे. चित्रपट कंपन्या दूरचित्रवाणी केंद्रांना एक चांगला चित्रपट घ्यायचा तर सोबत चार पडेलही घ्या, अशी अट घालत. १९६२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लोज कंपनीच्या खटल्यात या एकगठ्ठा विक्रीविरुद्ध निकाल दिला. पुढच्या वर्षी जॉर्ज स्टिग्लर यांनी एक छोटंसं टिपण लिहून यामागचं गणित दाखवलं. समजा पहिला खरेदीदार 'गॉन विथ द विंड'ला ८,००० डॉलर द्यायला तयार आहे आणि 'गेटिंग गर्टीज गार्टर' या सामान्य चित्रपटाला २,५००. दुसरा अनुक्रमे ७,००० आणि ३,०००. सुटे विकून दोघांनाही दोन्ही चित्रपट द्यायचे तर कमी भाव धरावा लागतो, ७,००० अधिक २,५००, म्हणजे दोघांचे मिळून १९,०००. जोडी १०,०००ला लावली तर दोघंही घेतात आणि हाती २०,००० येतात. आवडी उलटसुलट असतील तर संच फायद्याचा. सगळ्यांना एकच वस्तू हवी असेल, तर बाकीचं नुसतं ओझं.

दिवाळी अंकांच्या वाचकाला हे सांगायला नको. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा वाढत गेली आणि आज पुस्तकांच्या दुकानांत अंकांचे सवलतीतले संच मिळतात. घरात एकाला कथा हव्यात, एकाला भविष्य, एकाला पाककृती. म्हणून संच खपतो. घराघरात आवडी वेगळ्या असतात, स्टिग्लर यांचं गणित इथे चोख बसतं.

डिजिटल वस्तूत आणखी एक भर पडते. साडीला फॉल लावायला धागा, मशीन आणि माणूस लागतो. पीडीएफची हजारावी प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. प्रत काढायचा खर्च शून्याला टेकला की मोठमोठे संच करून विकणं फायद्याचं ठरू शकतं, हे यानिस बाकोस आणि एरिक ब्रिन्योल्फसन यांनी १९९९च्या शोधनिबंधात दाखवून दिलं. घरोघरी चालणाऱ्या डिजिटल दुकानांचा मोह इथूनच येतो: आपलं काय जातंय? टाका आणखी दहा व्हिडिओ, आणखी पाच ई-पुस्तकं, म्हणा ६,०००चा माल २,९९९ला.

विकणाऱ्याचं काही जात नसेल, घेणारीचं जातं. बहिणीची विद्यार्थिनी रात्री साडेनऊला भांडी आवरून मशीनवर बसते. तिच्याकडे दिवसाचा एक तास आहे. अकरा व्हिडिओ तिला पुरतात. साठ व्हिडिओंचं पॅकेज तिच्या फोनमध्ये न उघडलेलं पडून राहतं आणि दर वेळी नजरेला पडलं की आपल्याला काही जमत नाही असं तिला वाटायला लागतं. डिजिटल वस्तूची खरी किंमत या संध्याकाळच्या तासांत मोजली जाते. अपसेल सुधारायचा तर पहिला प्रश्न हा विचारावा: यामुळे तिचा वेळ वाचतो की आणखी जातो? मुंढ्याची चूक दाखवून देणारं कुणी असेल तर तिच्या तीन संध्याकाळी वाचतात. त्याचे पैसे ती आनंदाने देते.

एक पिन, एक प्रश्न

परदेशातली विक्रीची पानं आपल्याकडे तशीच उचलली की फसतात, याचं एक साधं कारण पैसे भरण्याच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत एकदा कार्ड दिलं की पुढच्या पानावर नुसतं 'हो' दाबून दुसरी वस्तू घेता येते. त्या सोयीचा तिथे मोठा गैरवापर झाला. खरेदी संपताच 'पुढच्या खरेदीवर सूट हवी?' असं विचारणारी खिडकी उघडायची. ग्राहक होकार द्यायचा आणि दुकान त्याचा कार्ड क्रमांक परस्पर तिसऱ्याच कंपनीला द्यायचं. ती कंपनी दर महिन्याला सभासद शुल्क कापत राहायची. सिनेटच्या समितीने २००९मध्ये याची चौकशी केली आणि २०१०च्या डिसेंबरमध्ये कार्डाची माहिती अशी परस्पर देण्यावर बंदी घालणारा कायदा झाला.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९पासूनच ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी खातरजमा सक्तीची केली. ऑक्टोबर २०२२पासून दुकानदाराला कार्डाचा क्रमांक स्वतःकडे साठवताही येत नाही, त्याच्या जागी टोकन आलं. यूपीआयवर बहुतेक व्यवहारांना पिन लागतो. आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीसाठी आधी ग्राहकाची मंजुरी आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. त्यामुळे पैसे भरल्यानंतर आलेला अपसेल म्हणजे आपल्याकडे दुसरा ओटीपी, दुसरा पिन, पुन्हा एकदा विचार. विकणाऱ्याला हा अडथळा वाटतो. मला त्यात ग्राहकाचा मोठा आधार दिसतो. हातातल्या पिनने त्याला थांबून विचार करायला वेळ मिळतो.

यातून कामाचा धडा असा: ज्या मदतीची खरेदीच्या वेळीच गरज आहे, ती पैसे भरण्याआधी, त्याच पानावर, रिकाम्या चौकोनासमोर एका वाक्यात विचारावी. एकाच पिनमध्ये काम होतं. पैसे भरून झाले की आधी माल हातात द्यावा. बाकी सगळं नंतर.

'नाही' म्हणण्याची वाट

वेबपानांवरच्या या फसवणुकींना ब्रिटनच्या हॅरी ब्रिग्नल यांनी २०१०मध्ये 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि तेरा प्रकार नोंदवले. खोटी घाई करणं, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, लाजवून होकार मिळवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं, सारखा तगादा लावणं हे त्यांतले काही. माझ्या २९९ रुपयांच्या खरेदीत यांतले निदान चार मला भेटले. लाजवण्याचं त्या तत्त्वांतलंच एक उदाहरण विमानाच्या तिकिटाचं आहे: विमा घेतला नाही तर प्रवाशाला 'मी असुरक्षित राहीन' अशा अर्थाचं बटण दाबायला लावणं. त्याआधी, २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनीच ठरवलं होतं की ग्राहकाची संमती स्पष्ट हवी, आधीपासून खूण केलेल्या चौकोनातून ती घेता येणार नाही. जून २०२५मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स मंचांना तीन महिन्यांत आपापली पानं तपासून घ्यायला सांगितलं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

मोठ्या कंपन्यांनाही हे महाग पडू शकतं. सप्टेंबर २०२५मध्ये ॲमेझॉनने प्राइम सभासदत्वाच्या प्रकरणात अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. नकळत सभासद करून घेणं आणि बाहेर पडायची वाट अवघड ठेवणं हा आयोगाचा आरोप होता.

घरबसल्या विकणाऱ्यांना वाटतं, आपल्याकडे कोण बघतंय? कायदा बघेल न बघेल, गिऱ्हाईक बघतंच. सांगलीत बहिणीच्या कोर्सला येणाऱ्या बहुतेक बायका दुसऱ्या कुणा बाईच्या सांगण्यावरून येतात. बचत गटात, भिशीत, मुलांना शाळेत सोडताना फाटकाशी. एका बाईला फसल्यासारखं वाटलं तर ते त्याच वाटांनी पसरतं.

मोजावं काय, विचारावं कुणाला

अपसेल सुधारायचा म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो ए-बी चाचणीचा: निम्म्या लोकांना एक पान दाखवा, निम्म्यांना दुसरं, ज्याची विक्री जास्त ते ठेवा. मोठ्यांसाठी हे हत्यार खरोखर मोलाचं आहे. ॲमेझॉनच्या सुरुवातीच्या वर्षांत ग्रेग लिंडेन या अभियंत्याने टोपलीतल्या वस्तू पाहून सोबत आणखी काय लागेल ते सुचवणारी सोय तयार केली. मार्केटिंग विभागाच्या एका वरिष्ठ उपाध्यक्षाने तिला विरोध केला. त्याचं म्हणणं होतं, पैसे भरायला निघालेल्या माणसाचं लक्ष विचलित होईल. लिंडेनना त्यावर काम करू नको असं सांगितलं गेलं, तरी त्यांनी चाचणी लावली. सोय मोठ्या फरकाने जिंकली.

पण हे तंत्र घरगुती विक्रेत्याच्या हाती द्यायच्या आधी एक हिशेब सांगायला हवा. चौकोनात खूण करणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांवरून तेरावर गेलं, आणि हा फरक खरा आहे की योगायोग, हे नेहमीच्या संख्याशास्त्रीय कसोटीने ठरवायचं असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १,७७० खरेदीदार लागतात. दोन्ही मिळून साडेतीन हजार. बहिणीसारख्या विक्रेत्याकडे एवढी विक्री व्हायला वर्षं जातील. चाळीस जणींवर केलेल्या चाचणीचा निकाल म्हणजे नाणेफेक.

दुसऱ्यांचे प्रयोगही आंधळेपणाने उचलता येत नाहीत. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० सालचा जॅमचा प्रयोग विक्रीच्या प्रत्येक वर्गात सांगतात. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात २४ जॅम मांडले तेव्हा थांबणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांनी खरेदी केली, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. म्हणून पर्याय कमी ठेवा, असा निष्कर्ष. पण २०१०मध्ये अशा पन्नास प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला गेला तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कुठे पर्याय कमी केल्याने फायदा होतो, कुठे तोटा. आपल्या गिऱ्हाइकाचं काय होतं ते आपल्यालाच शोधावं लागतं.

साडेतीन हजार गिऱ्हाइकं नसतील तर शोधायचं कसं? फोन करून. वीस जणींना फोन करा, तीन गोष्टी विचारा. कोर्स घेतल्यावर पहिल्यांदा कुठे अडलात? त्या दिवशी कुणी मदत केली असती तर कसली हवी होती? आणि जे घेतलं नाही, ते का घेतलं नाही? बहिणीच्या वहीची मागची पानं हीच तिची प्रयोगशाळा होती.

मोजायचं तेही नीट मोजावं. समजुतीसाठी आकडे धरू. शंभर जणींनी कोर्स घेतला. जुन्या पद्धतीत पाच जणींनी २,९९९चं पॅकेज घेतलं, वरचे झाले १४,९९५. दोघींनी पैसे परत मागितले, उरले ८,९९७. नव्या पद्धतीत तीस जणींनी १९९ रुपयांची मदत घेतली, झाले ५,९७०. पहिल्या आठवड्यात नवी पद्धत हरलेली दिसते. पण दोन महिन्यांत त्याच शंभरांतल्या वीस जणी ३९९ रुपयांच्या पुढच्या कोर्सला परत आल्या, तर ७,९८० आणखी, एकूण १३,९५०. म्हणून खरेदीच्या दिवशीची विक्री मोजून थांबू नये. परत गेलेले पैसे वजा करावेत, तीन महिन्यांनी परत आलेली माणसं मिळवावीत, आणि कोर्स पुरा किती जणींनी केला ते शेजारी लिहावं. हा शेवटचा आकडा खालावला तर वरचे दोन फार काळ टिकत नाहीत.

रिकामा चौकोन

आता बहिणीचं पान असं आहे.

कोर्ससोबत पहिलाच कागद फुकट येतो: 'प्रिंट काढण्याआधी'. त्यावर दोन इंचांचा एक चौकोन छापलेला आहे. खाली मोठ्या अक्षरांत, "हे पान प्रिंटवाल्या दादांना दाखवा. ॲक्च्युअल साइज, १०० टक्के. छापल्यावर चौकोन टेपने मोजा. दोन इंच भरला तरच पुढची पानं काढा." पहिला गठ्ठा यानेच जवळजवळ रिकामा झाला.

पैसे भरायच्या पानावर एकच रिकामा चौकोन आहे. "पहिला ब्लाऊज घालून समोरून, मागून आणि बाजूने काढलेले फोटो पाठवा. फिटिंग कुठे बिघडलं ते मी बघून सांगेन. १९९ रुपये. हे नंतरही याच किमतीत घेता येईल. ज्यांना मुंढा स्वतः दुरुस्त करता येतो त्यांना याची गरज नाही." ते शेवटचं वाक्य लिहू की नको, यावर तिने पुष्कळ विचार केला. मग लिहिलं. ते लिहिल्यापासून "हे घेऊ का हो मॅडम?" असे फोन थांबले, कारण उत्तर पानावरच आहे.

एकीचे फोटो बघायला तिला पंधरा-वीस मिनिटं लागतात. म्हणून महिन्याला चाळीस जणींच्या वर ती घेत नाही. चाळीस झाल्या की चौकोनाच्या जागी ओळ येते: "या महिन्याच्या जागा भरल्या." ही घाई खरी आहे, म्हणून तिच्यासाठी घड्याळ लागत नाही.

पुढचा, अस्तराचा कोर्स पैसे भरायच्या पानावर नाहीच. शिवलेल्या ब्लाऊजचा फोटो आला, फिटिंग जमलं, की मगच ती त्याबद्दल कळवते. आणि ज्यांना सगळा संच हवा असेल त्यांना आधी भरलेले ४९९ वळते करून मिळतात. आधी थोडं घेतलं म्हणून कुणाचं नुकसान व्हायला नको, असं तिचं म्हणणं.

मी निघायच्या दिवशी दुपारी ती एका बाईच्या फोटोवर लाल रेघ ओढत होती. काखेतून गळ्याकडे जाणारी सुरकुती, त्यावर बाण, शेजारी लिहिलं: 'इथं पाव इंच खोल'. तेवढ्यात फोन आला. तिने तो स्पीकरवर ठेवला. जतहून कुणीतरी बोलत होती. कालच कोर्स घेतला होता, फोटोच्या चौकोनात खूण केली नव्हती, पण आता तिला अस्तराचा कोर्सही हवा होता, लगेच, पैसे कुठे पाठवू?

"पहिला ब्लाऊज कापलास का?" बहिणीने विचारलं.

"नाही मॅडम, अजून प्रिंट काढायचीय."

"मग आधी प्रिंट काढ. चौकोन मोज. ब्लाऊज शीव, घालून बघ, जमला की मला फोटो पाठव. अस्तराचं तेव्हा बोलू."

फोन ठेवून तिने वहीचं मागचं पान उघडलं आणि जतच्या बाईचं नाव लिहिलं. शेजारी तारीख घातली, दोन आठवड्यांनंतरची.